खिडकीखालची फळी

हवालदाराने बापाचं नाव जोडून हाक मारली, तिथेच निकिफोर घसरला. "निकिफोर सावेलिच, बसा ना," म्हणत त्याने तंबूतलं स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं, चहा दिला, वर दाताखाली धरायला साखरेचा खडाही दिला. जन्मभर सरकारी माणसांनी निकिफोरला "ए, तू" यापलीकडे काही म्हटलं नव्हतं. आणि आता रेल्वेचे रूळ कामिश्का गावाच्या वेशीशी येऊन ठेपले, तर हा असा मान. चढला गडी हरभऱ्याच्या झाडावर.

त्या उन्हाळ्यात गावातले निम्मे घोडे लाकडी स्लीपर ओढत होते. डोंगर फोडायचं काम मात्र कैद्यांच्या माथी होतं. त्यांच्यातला एक बेडी तोडून जंगलात पळाला होता.

"तुमच्या खिडकीखाली फळी आहे," हवालदार म्हणाला.

"ती सगळ्यांकडेच असते."

"पण तुमचं घर गावाच्या टोकाला. जंगलातून उतरला की पहिलं तुमचंच लागतं. रोजच्यासारखा पाव ठेवा, आम्ही तुमच्या अंगणातल्या न्हाणीघरात दबा धरून बसतो. तुम्हाला काहीच करायचं नाही, निकिफोर सावेलिच."

आता या फळीचं सांगायला हवं. आमच्याकडे घराचं छप्पर एक वेळ गळकं चालतं, पण खिडकीखाली फळी ठोकलेली पाहिजे. संध्याकाळी तिच्यावर पाव ठेवायचा, मडक्यात दूध, असलं तर सलगम. मग झडपा लावून घ्यायच्या आणि बाहेर बघायचं नाही. पळून आलेला खुनी की नुसताच तोंडाळ, ते विचारायचं नाही. त्याला कैदी म्हणायचंही नाही, अभागी म्हणायचं. तो खाऊन निघून जातो आणि गावातल्या कोंबडीलाही हात लावत नाही. हे कुणी कुणाशी बसून ठरवलेलं नाही, पण दोन्हीकडून कधी खोट आली नव्हती.

निकिफोर "बरं" म्हणून मोकळा झाला आणि तंबूबाहेर पडल्यावर आपण काय कबूल केलं ते त्याला उमगलं. वाटेत त्याला एक युक्ती सुचली. फळीवर काही ठेवलंच नाही, तर तो येईल कशाला? हवालदार रात्रभर डास मारत बसेल, आपला शब्दही राहील आणि पापही लागणार नाही. अशी पळवाट सापडली की माणूस स्वतःवर फार खूश होतो.

फक्त बायकोला खरं सांगायची हिंमत झाली नाही.

"आज फळीवर काही ठेवू नकोस," त्याने फेदोस्याला सांगितलं.

"का?"

"नको म्हणतोय ना. रोज रोज काय गावजेवण घालायचं?"

कणीक मळता मळता फेदोस्याचे हात थांबले. "रेल्वेची मजुरी यायला लागली आणि हात आखडला होय रे तुझा? दुष्काळात तुझ्या आईने झाडाची साल कुटून पाव केला, त्यातलाही निम्मा फळीवर ठेवला. विसरलास?"

"फेदोस्या, ऐक जरा."

"ऐकते. बोल."

तेव्हा बोलला असता तर पुढचं काहीच झालं नसतं. पण हवालदाराचा चहा पिऊन आलोय हे कुठल्या तोंडाने सांगणार? "घोड्यांना पाणी दाखवून येतो," एवढं पुटपुटून तो नदीकडे निघून गेला.

परत आला तेव्हा उजेड सरत आला होता. फळीवर दुधाचं मडकं होतं, ताजा पाव होता आणि सणासुदीला काढतात तसा लोण्याचा गोळाही होता. नवऱ्याच्या चिक्कूपणाची लाज फेदोस्याने लोणी ठेवून झाकली होती. उचलून घ्यावं म्हणून निकिफोर धावला, तर फळीपाशी माणूस उभा. कैद्यांचं असतं तसं अर्धं डोकं भादरलेलं, हातात पाव, तोंडात घास.

दोघांची नजर भिडली. त्या माणसाने आधी मान खाली घातली. खाताना कुणी पाहायचं नसतं, ते त्यालाही माहीत होतं.

"माफ करा मालक," तो हळूच म्हणाला, "निघालोच."

"पळ" म्हणायला कितीसा वेळ लागतो? शब्द निकिफोरच्या ओठांवर आला होता. पण न्हाणीघराचं दार किलकिलं झालेलं त्याला दिसलं. आपण बोललो तर हवालदार ऐकेल, एवढंच त्याच्या मनात आलं, आणि तो मूग गिळून उभा राहिला.

मग शिपाई धावत आले. त्यांनी त्याला भिंतीशी दाबून हात बांधायला घेतले.

"शाब्बास, निकिफोर सावेलिच," हवालदार सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. "दिला शब्द पाळलात."

झडपा उघडल्या. खिडकीत फेदोस्या उभी होती. तिने लोण्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. कैद्याने एक हात सोडवून घेतला. शिपायांना वाटलं, हाणतोय. त्याने फक्त तोंडातला चावलेला घास काढला आणि फळीवर परत ठेवला.

निकिफोरला त्या क्षणी कुणी जोड्याने मारलं असतं तर बरं वाटलं असतं. पण कुणी मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. कोंबडीवरून गाव डोक्यावर घेणारी लुकेर्या आजीसुद्धा विहिरीवर तो आला की गप्प बाजूला सरकायची.

जंगलात बातमी कशी फिरते देव जाणे. त्यानंतरही कैदी पळतच होते, पण कामिश्कातल्या एकाही फळीवरच्या पावाला हात लागेना. घरोघरी सकाळी पाव तसाच असायचा, दूध नासलेलं असायचं. लोक ते मुकाट्याने डुकरांना घालायचे. एका घराने गावभरचं अन्न विटाळलं होतं, आणि ते घर कुठलं हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हिवाळ्यात आगगाडी सुरू झाली. लोक टोप्या काढून बघायला जमले. निकिफोर गेला नाही.

फेदोस्या अजूनही संध्याकाळी पाव ठेवते. सकाळी तो दगडासारखा गोठलेला आत आणते, पण डुकरांना घालत नाही, निकिफोरच्या पुढ्यात ठेवते. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "चुलीवर जरा शेकून तरी दे."

"ते दुसऱ्याच्या वाटणीचं आहे," ती म्हणाली, "मी कशी हात लावू?" आणि बादली घेऊन गाईकडे गेली.

त्याने तो चहात बुडवून बुडवून खाल्ला. शेकून दे असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही.