पत्र्याआडचा एसी

एसी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर भिंतीवरची पांढरी पेटी येते ना? मित्रांनो, ती माझी अर्धीच ओळख झाली. मी एक जुना एसी, आणि मी दोन ठिकाणी राहतो. माझं तोंड इराकमधल्या बसरा शहरातल्या एका खोलीत आहे आणि छाती वर गच्चीवर. तोंडाला लोक पुसतात, त्याचं कौतुक करतात. छातीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. माझी सगळी कर्मकहाणी त्या छातीची आहे.

दूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. खोक्यात बंद होऊन, जहाजाच्या पोटातून मी इथे आलो. बंदरावरच्या गोदामाचा मुकादम शाकिर यानं मला घरी आणलं ते आपल्या आईसाठी. नूरिया तिचं नाव. तिचं हृदय थकलं होतं. "उन्हाळाभर यांना थंड खोलीतच ठेवा. उकाडा यांच्या जिवावर बेतेल," असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि बसऱ्याचा उन्हाळा काय असतो ते मला विचारा. दुपारी गच्चीच्या लोखंडी कठड्याला हात लागला तर फोड येतो.

पहिली वर्षं फार सुखाची गेली. शाकिरची बायको वदाद दर पंधरवड्याला माझ्या जाळ्या काढून नळाखाली धुवायची. धुळीचं वादळ येऊन गेलं की शाकिर मला आधी बंद करायचा, मग पाइप घेऊन गच्चीवर यायचा आणि माझ्या छातीवरची माती धुऊन काढायचा. वीज गेली आणि गल्लीतला जनरेटर सुरू झाला, तर वीज नीट स्थिरावेपर्यंत मला कुणी हात लावत नसे. शेजारणी दुपारी वाळल्या लिंबाचा चहा प्यायला मुद्दाम माझ्याखाली येऊन बसायच्या.

"नूरिया, बाहेर आग लागलीय आणि तुझ्या घरी जानेवारी!" एखादी म्हणायची.

"जानेवारी आहे खरा," नूरिया म्हणायची, "पण दार उघडायचं नाही, खिडकी उघडायची नाही. थंडगार तुरुंग आहे माझा!"

सगळ्या खो खो हसायच्या. मला मात्र चुकल्यासारखं व्हायचं. कारण तिला तिथे कोंडणारा मीच होतो ना!

मग शेजारच्या घरात फालिह राहायला आला. फालिह कबुतरं पाळायचा. सकाळ-संध्याकाळ गच्चीवर उभा राहून शिट्ट्या घालायचा आणि काठीला बांधलेलं फडकं फिरवून थवा उडवायचा. कबुतरवाल्याचा शब्द आमच्याकडे कुणी धरत नाही. काझीपुढे त्याची साक्षसुद्धा चालत नाही, असं लहान पोरही सांगेल. त्यातून तो गच्चीवर उभा राहणार, म्हणजे शेजारपाजारच्या बायकांकडे बघणार, अशी सगळ्यांची खात्रीच. मी गच्चीवरच असतो, म्हणून खरं सांगतो. वदाद कपडे वाळत घालायला आली की फालिह आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा. पण एसीची साक्ष तरी कोण धरतं?

म्हणून शाकिरनं गच्चीच्या फालिहकडच्या कोपऱ्यात आडोशाला पत्रे ठोकले. मी त्याच कोपऱ्यात. तीन बाजूंनी पत्रे झाले, चौथ्या बाजूला भिंत होतीच. वर "याला ऊन लागायला नको" म्हणून त्यानं मायेनं आणखी एक पत्रा टाकला, आणि मी चहूकडून बंद झालो.

मित्रांनो, खोलीतली उष्णता ओढून बाहेर फेकायची, हे माझं काम. पण फेकू कुठे? फेकलेली धग पत्र्यावर आपटायची आणि माझ्याच अंगावर परत यायची. मी तीच पुन्हा आत ओढायचो. फटींतून धूळ यायची, कबुतरांची पिसं यायची, आणि बाहेर काहीच जायचं नाही. पत्रे काढल्याशिवाय पाइप माझ्यापर्यंत पोचेना, तेव्हा मला धुणंही बंद झालं. ओरडावं म्हटलं तर मला आवाज एकच, घरघर करण्याचा. तो वाढला की वदाद म्हणायची, "म्हातारा झाला आता हा."

खोली थंड होईना, म्हणून मिस्त्री आला. त्यानं पत्र्याच्या फटीतून हात घालून नळी जोडली, गॅस भरला आणि गेला. पुढच्या महिन्यात परत तेच. अहो, गॅस कमी नव्हता, श्वास कमी होता! वदाद मला सोळा डिग्रीवर लावायची. सोळावर लावलं म्हणून का दम येतो कुणाला? फालिहनं एकदा कठड्यावरून शाकिरला हाक मारून सांगितलंही, "भाऊ, तुमचं मशीन गुदमरतंय. पत्र्यावरून एवढी वाफ उठते की माझी कबुतरंसुद्धा वळसा घालून जातात."

"तू तुझी कबुतरं सांभाळ," शाकिरनं तिथल्या तिथे तोडून टाकलं.

आणि मग ती दुपार आली. शर्जी सुटली होती. शर्जी म्हणजे आखातावरून येणारा दमट वारा, अंगाला ओल्या घोंगडीसारखा चिकटणारा. मी जीव खाऊन धडपडत होतो. शेवटी अंग इतकं तापलं की छातीत खटकन आवाज झाला आणि मी बंद पडलो. शाकिर बंदरावर. खोली बघता बघता तापली. नूरियाचे ओठ पांढरे पडले. वदादनं ओला टॉवेल तिच्या कपाळावर ठेवला आणि मिस्त्रीला फोन लावला. "घरात पुरुषमाणूस नाही ना? मग संध्याकाळी येतो," मिस्त्री म्हणाला.

गच्चीवरून फालिहचा आवाज आला. "ताई! मशीन बंद पडलं का? पत्रा काढा! मी काढू का?"

वदाद घाबरली. नवरा घरी नाही, आणि कबुतरवाल्याला आपल्या गच्चीवर घ्यायचं?

"बोलाव त्याला," नूरिया म्हणाली.

"आत्याबाई, हे आले की घर डोक्यावर घेतील!"

"घेऊ दे. मेलेल्या आईवर ओरडता येणार नाही त्याला, म्हणून तरी बोलाव. मला जिन्याच्या तोंडाशी बसव. म्हातारी राखणीला बसलीय म्हटल्यावर कोण काय बोलेल?"

वदादनं तिला अबायाच्या काळ्या झग्यात गुंडाळून जिन्याच्या तोंडाशी बसवलं. फालिह कठडा ओलांडून आला. "या अल्लाह! या अल्लाह!" असं मोठमोठ्यानं ओरडत आला, म्हणजे बायकांनी आडोशाला व्हावं. त्यानं खाली सांगून माझी वीज बंद करवली, वरचा पत्रा उचकटला, मग बाजूचे. माझ्या छातीवरून पिसांची आणि धुळीची अक्षरशः गादी निघाली. त्यानं हळू धारेनं, पात्या न वाकवता, मला आतून-बाहेरून धुतलं. मग सावलीत बसून माझं अंग निवायची वाट पाहिली.

"चालू करा, ताई! सोळावर नको, पंचवीसवर!"

मी श्वास घेतला. मित्रांनो, त्या श्वासाचं सुख मी कसं सांगू! खाली खोली हळूहळू निवली. नूरिया पलंगावर आडवी झाली आणि तिच्या ओठांवर रंग परतला. मी रडू शकत असतो तर रडलो असतो.

संध्याकाळी शाकिर आला. आधी आईचे हात हातात घेऊन बसला. मग त्याला पत्र्यांचं कळलं आणि तो हातोडा घेऊन जिन्याकडे निघाला.

"थांब," नूरिया म्हणाली. "मलाही वर ने."

"आई, डॉक्टर..."

"ऊन गेलंय. ने म्हणते ना!"

त्यानं तिला पाठीवर घेतलं आणि गच्चीवर खाटेवर बसवलं. शर्जी पडली होती, उत्तरेचा कोरडा वारा सुटला होता. शाकिरनं पत्रा उचलला.

"ठोक," नूरिया म्हणाली, "पण आधी मला त्याच्या आड बसव. बघू मी किती टिकते. लेकरा, तू माझ्यासाठी याला आणलंस आणि मला आत कोंडलंस. मग याला कोंडलंस. माया आहे रे तुझी, मला ठाऊक आहे. पण जीव जातो तिच्यापायी."

शाकिरनं पत्रा खाली ठेवला. पलीकडे फालिह नेहमीसारखा पाठ करून उभा होता. शाकिरनं घसा साफ केला आणि त्याच्या पाठीला सलाम केला.

नूरिया आकाशाकडे बघत बसली होती. "वदाद," ती म्हणाली, "थोडा वेळ बंद कर ग याला. दमलाय तो."

वदादनं मला बंद केलं. माझी घरघर थांबली आणि तेवढा वेळ कुणालाच माझी गरज नव्हती. इतक्या वर्षांत मी इतका सुखी कधी झालो नव्हतो.

मित्रांनो, माझ्या जाळ्या धूत जा. माझ्या छातीवरची धूळ काढा, तिच्यासमोर मोकळी जागा सोडा, आणि मी घरघरलो तर म्हातारा म्हणून सोडून देऊ नका. आणि एक सांगणं आहे. ज्याच्यासाठी मला आणलंत, त्याला गारव्यात ठेवलं म्हणजे आपलं काम झालं, असं समजू नका. ऊन उतरलं की मला बंद करा आणि त्याला वर घेऊन या.