मैनाबाईच्या भाऊबीजेतलं रिव्हॉल्व्हर

मी वामनरावांच्या लोखंडी पेटीतून बोलतोय. आवाज दबका येईल, त्याला इलाज नाही. माझ्यावर दोन धोतरं आणि एक शाल आहे, वर कुलूप आहे. मी सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. गावात मात्र मला सगळे पिस्तूलच म्हणतात.

माझा जन्म सातासमुद्रापार झाला. एका साहेबाच्या कमरेवरून उतरलो आणि नागपूरच्या दुकानात काचेच्या कपाटात पडून राहिलो. छप्पन्न साली वामनराव आले. नेरजवळच्या खेड्यातले कापसाचे शेतकरी. बाजारात कापूस विकून परतणाऱ्या गाड्या कुणीतरी लुटल्याची आवई उठली होती. वामनरावांची गाडी काही कुणी अडवली नव्हती. तरी त्यांनी यवतमाळच्या कचेरीत चपला झिजवून लायसन्स मिळवलं आणि मला घरी आणलं.

सुरुवातीला माझी काय ऐट! लग्नाच्या मांडवात वामनराव मुद्दाम कोटाचं बटण सोडून बसायचे. लोक बाजूला सरकून जागा द्यायचे आणि त्यांना वाटायचं, हा आपला मान. माणसाला भीती आणि मान यांतला फरक कसा कळत नाही, कोण जाणे.

खरी गंमत पुढेच आहे. मी येण्यापूर्वी हा माणूस अंगणात बाज टाकून घोरायचा. मी आल्यावर दाराला आडणा लागला, कुत्रं आलं, उशाशी कंदील आला. मला भीती घालवायला आणलं होतं. मी तर तिला बोट धरून घरात घेऊन आलो.

मैनाबाई, म्हणजे वामनरावांची बायको, मला कधी हात लावत नसे. फक्त दसऱ्याला. त्या दिवशी विळे, पावशी, कुऱ्हाडी यांच्या रांगेत माझाही पाट असे. अठ्ठावन्नच्या दसऱ्याला तिने मला तुपाचं बोट लावलं, हळदकुंकू वाहिलं, वर मूठभर अक्षता टाकल्या. पूजा लगेच पुसू नये म्हणून वामनरावांनी मला तसंच म्यानात घातलं.

मैनाबाईला सख्खा भाऊ नव्हता. जवळच्या तांड्यातला नेमसिंग तिचा मानलेला भाऊ. दर भाऊबीजेला तो लुगडं घेऊन यायचा आणि वामनरावांना ‘जवाईबापू’ म्हणून चिडवायचा. तेवढंच तिचं माहेर.

त्या वर्षी भाऊबीजेला दिवस मावळता मावळता नेमसिंग नेहमीसारखा कपाशीतून, मागच्या बाजूनं आला. थंडी म्हणून डोक्यावरून घोंगडी घेतलेली. कुत्रं भुंकलं. मागच्या ओट्यावरचे वामनराव मला कमरेच्या म्यानातून उपसत ताडकन उठले.

“कोण हाये तिकडं? बोल, नाहीतं उडवतो!”

नेमसिंगला थट्टेची जुनी खोड. जवाईबापूंना जरा घाबरवावं म्हणून तो गप्पच राहिला, हळूहळू पुढे येत राहिला.

वामनरावांनी चाप ओढला.

मला त्या क्षणी काय वाटलं, ते सांगतो. मला थांबायचं होतं. पण मला थांबता येत नाही. मला तसं घडवलेलंच नाही. माझा घोडा खाली आला आणि नुसतं खट् झालं. तुपात चिकटलेली एक अक्षत घोड्याच्या खाचेत अडकली होती.

“जवाईबापू, अजी मी होय!” घोंगडी गळून पडली.

वामनरावांनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. मग कंदिलाच्या उजेडात त्यांना तो तांदूळ दिसला आणि ते हसत सुटले. “पाह्य नेमसिंग! मैनाच्या अक्षतीनं राखलं तुले!”

नेमसिंग हसला नाही. “अक्षतीनं राखलं, खरं हाये, वामनराव. पण तुमचं बोट तं दबलंच ना.”

जवाईबापू नाही, वामनराव. लुगडं उंबऱ्यावर ठेवून तो ओवाळून न घेताच गेला.

मैनाबाई चार दिवस जेवली नाही. “काहून आणलं जी हे घरात? कोण आलतं आपल्यावर चालून? वापस करा, माह्या गळ्याची आण हाये तुमाले.”

“आता वापस केलं तं लोक म्हणतीन, वामनराव भेला.”

म्हणजे मी पेटीत अडकलो आणि ते माझ्यात. लायसन्स नवं करायच्या वेळी तेवढी मला यवतमाळची हवा लागते, पुन्हा कुलूप.

पुढच्या भाऊबीजेला मैनाबाईनं दुपारपासून पाट मांडून ठेवला. भाऊ येईल की नाही, या धास्तीनं तिच्या हातून दोनदा निरांजन पडलं. वामनराव आतल्या खोलीत माझ्या पेटीवर बसून होते.

सांजेला लांबून, पार नाल्याकडून हाक आली.

“मी नेमसिंग होय जी! तांड्यातला नेमसिंग!”

थोड्या वेळानं जवळून पुन्हा, “मी नेमसिंग! लुगडं घेऊन येऊन राह्यलो! हातात दुसरं काही नाही!”

अंगणापर्यंत तो असाच ओरडत आला. उंबऱ्यापाशी थांबून त्यानं विचारलं, “येऊ काय, बाई?”

मैनाबाईनं ताट हातात धरूनच हंबरडा फोडला. माझ्या डोक्यावर बसलेला माणूस हलला नाही. त्याला प्रत्येक हाक ऐकू आली होती, मलाही.

त्याला आता कितीतरी दिवाळ्या झाल्या. भाऊ दरवर्षी येतो आणि दरवर्षी तसाच ओरडत येतो.

तुमच्यापैकी कुणी नेरकडे गेलात, तर वामनरावांना माझा निरोप द्या. म्हणावं, मला ठाण्यात जमा करा. तिथंही मी कुलपातच राहणार, मला ठाऊक आहे. पण मैनाबाईच्या भावाला आपलं नाव न ओरडता तिच्या घरी येता येईल.