एक दात मागे

“चावीला हात लावू नको!”

गुणाजीने बॉनेटवर थाप मारली तशी ललिताने हात मागे घेतला. समोर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेलाच होता.

नायगावच्या चाळींमधल्या मोकळ्या जागेत गाडी उभी होती. साडेनऊ वाजले होते. अकराला गिरगावातून मृणालिनीबाईंना आणि त्यांच्या यजमानांना घेऊन कोल्हापूरला निघायचं होतं. टुरिस्ट गाडी चालवायला लागून ललिताला दीड वर्ष झालं होतं. महिन्यातून दोनदा हक्काने बोलावणारं हे एकच गिऱ्हाईक.

“बाबा, कालच सेन्सर बदललाय. जयवंत बोलला, दिवा पेटला तरी टेन्शन नाय घ्यायचं.”

“काय बोलला?”

तिने खिडकीतून तोंड बाहेर काढून तेच सावकाश पुन्हा सांगितलं. बापाला ऐकू येत नव्हतं. ओठ मात्र तो अचूक वाचायचा. गिरणीच्या साचेखात्यात, मागांच्या खडखडाटात बारा वर्षं काढून कान तिथेच ठेवून आला होता. त्या खडखडाटात सगळे ओठांवरूनच बोलायचे.

संपात गिरणी बंद पडली ती उघडलीच नाही. जॉबर म्हणून तीस माणसांवर हुकूम चालवणारा गुणाजी चौतिसाव्या वर्षी लालबागच्या एका गॅरेजात रॉकेलच्या डब्यात नटबोल्ट धुवायला बसला. इंजिन उघडायला मिळेपर्यंत सहा वर्षं गेली. पुढची तीस वर्षं त्याने इंजिनंच उघडली. मग मालकाचा मुलगा, हाच जयवंत, गल्ल्यावर बसायला लागला. गेल्या गणपतीच्या आधी तो मान खाली घालून काहीतरी लांबलचक बोलला. गुणाजीला त्यातला ‘आराम’ एवढाच शब्द कळला. बाकीचं त्याने विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून तो घरीच बसला.

“तुझं यंत्र काय म्हणतंय?”

ललिताने स्टिअरिंगखाली स्कॅनर लावला, मोबाईल पाहिला. “तोच कोड. पी शून्य शून्य सोळा. खालचा क्रँक आणि वरचा कॅम, दोघांचं जुळत नाय.”

“मग बरोबर सांगतंय मेलं! जुळत नाही म्हणतंय. सेन्सर बिघडला असं कुठे म्हणतंय?” तो खिडकीशी वाकला. “सकाळी चालू केलीस तेव्हा आवाज कसा होता?”

“दोन-तीन सेकंद खडखडली. मग गप.”

“त्या दोघांना जोडणारी चेन सैल झाली. अजून एकदोन दात सुटले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतील. घाटाच्या उतारावर इंजिन बंद पडलं तर ब्रेक दगडासारखा होतो, गो. आणि मागे दोन म्हातारी माणसं.”

“आणि तुमचं चुकलं तर? गिऱ्हाईक गेलं ना माझं!”

“चुकलं तर चुकलं. तासभर दे.”

आधी त्याने तेल पाहिलं, पुरेसं होतं. सेन्सरची वायर शाबूत होती. मग दोघांनी पुढचं चाक उतरवलं, प्लग काढले, इंजिनाचं वरचं झाकण उघडलं. खालच्या, क्रँकच्या बोल्टवर गुणाजीने पाना बसवला. पाना दोनदा सटकला. त्याने तो लेकीच्या हातात दिला.

“तू फिरव. घड्याळाच्या काट्यासारखं. उलटं अजिबात नको. अडलं की थांब.”

तो वर चेनवर डोळे लावून उभा राहिला. ललिता चाकाच्या पोकळीत हात घालून पाना ओढू लागली. इंचाइंचाने चेन सरकली. अर्ध्यावर पाना जड झाला.

“बाबा, अडतंय!”

बापाने मान वर केली नाही.

“बाबा!”

तिचे दोन्ही हात पान्यावर. सोडला तर तो उलटा फिरणार. घाम डोळ्यांत उतरला. शेवटी तिने पायाने बंपरवर लाथ घातली. हादरा बसला तसा गुणाजी वळला आणि त्याने तिचे ओठ वाचले. खाली बसून त्याने तिच्या मुठीवर आपली मूठ ठेवली आणि डोळे मिटले.

“व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा जोर आहे हा. अडलेलं नाही. ओढ हळू.”

पाना एकदम हलका झाला. आणखी थोडं फिरवल्यावर खालची, क्रँकवरची खूण रेषेवर आली. वरची, कॅमवरची आली नाही. ती एक दात मागे होती. गुणाजीने टॉर्च आत धरला. चेनला आधार देणारी प्लास्टिकची पट्टी तुटून तिचा तुकडा खाली अडकला होता.

ललिताने पाना खाली ठेवला, हात पुसले. मग तिने मृणालिनीबाईंना फोन लावला.

“अगं, अकराला पाच मिनिटं असताना सांगतेस?” बाई म्हणाल्या. “आम्ही आता दुसरी गाडी बघतो. पुढच्या वेळचंही त्याच गाडीला सांगू.”

“गाडी धोक्याची आहे मॅडम. तुम्हाला बसवणार नाय मी तिच्यात,” ललिता म्हणाली. तोवर फोन कट झाला होता.

दुसरा फोन जयवंतला. “सेन्सरचा दोष नव्हता. चेन एक दात मागे आहे. बाबांनी दाखवली.”

“येतो,” तो म्हणाला.

अर्ध्या तासात तो स्कूटरवरून आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग. ती त्याने उघडलीच नाही. वाकून वरची खूण पाहिली, खालची पाहिली, तुकडा पाहिला. मग ललिताकडे वळला. “ताई, काकांना सांगा ना...”

“तूच सांग. ते समोरच आहेत.”

जयवंत गाडीला वळसा घालून आला आणि स्टुलावर बसलेल्या गुणाजीपुढे उकिडवा बसला. ओठ नीट दिसतील असं त्याने तोंड वर केलं.

“काका,” तो म्हणाला, “सुरुवात कुठून करायची?”

गुणाजीने त्याच्याकडे नीट पाहिलं.

“शर्ट काढून ठेव आधी,” तो म्हणाला. “तेलाचा डाग जात नाही.”

जयवंत तिथेच बटणं सोडू लागला.