दोनशे बारा निर्भय यात्रेकरू

मराठी यात्रेकरू गर्दीला भीत नाही, हे मी जगाला सांगितलं. जगाला म्हणजे आमच्या विषयातल्या शे-दीडशे लोकांना, पण आमचं जग तेवढंच असतं. मी उज्जैनच्या एका खासगी कॉलेजात पर्यटन व्यवस्थापन शिकवतो. प्रवासाला निघालेल्या माणसाला कशाकशाची धास्ती वाटते आणि काही विपरीत घडलंच तर व्यवस्थेनं काय करावं, हा माझा संशोधनाचा विषय आहे. ऐकणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटतो. मला कधी वाटला नाही.

बारा वर्षांपूर्वी मी महाकालच्या दर्शनाला आलेल्या आठशे लोकांकडून एक फॉर्म भरून घेतला होता. चेंगराचेंगरी होईल, पाकीट मारलं जाईल, तब्येत बिघडेल अशा वीस गोष्टी आणि प्रत्येकीसमोर एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात भीती नाही, पाच म्हणजे फार भीती. गुजराती, राजस्थानी, बिहारी अशा सगळ्यांची सरासरी साडेतीनच्या आसपास आली. दोनशे बारा मराठी यात्रेकरूंची आली एक पूर्णांक चार. एवढा फरक आमच्या विषयात सहसा हाताला लागत नाही. मी त्याला ‘श्रद्धाकवच’ असं भारदस्त नाव दिलं, परदेशातल्या एका जर्नलनं निबंध छापला, आणि परिषदांमध्ये लोक मला शोधत यायला लागले. त्यानंतर मी बरंच काही लिहिलं, पण ओळख राहिली ती श्रद्धाकवचवाला अशीच.

इशिता माझ्याकडे पीएचडी करते. इथेच फ्रीगंज भागात राहते, बोलते कमी, आणि सांगितलेलं काम सांगितल्यापेक्षा जास्त नीट करते. हा गुण गाइडला सुरुवातीला आवडतो. तिनं माझाच निष्कर्ष नव्यानं, मोठ्या प्रमाणावर तपासायचा असं ठरलं होतं. फेब्रुवारीत एका दुपारी ती माझ्या केबिनमध्ये आली आणि दोन तक्ते समोर ठेवले.

तिनं नव्वद मराठी यात्रेकरूंना तोच फॉर्म दोनदा विचारला होता. एकदा ते ज्या घरात खोली घेऊन उतरले होते तिथे, आणि एकदा नानाखेड्याच्या बस स्टँडवर. घरातली सरासरी एक पूर्णांक सहा, स्टँडवरची तीन पूर्णांक नऊ. माणसं तीच, मध्ये एखाद्या दिवसाचं अंतर.

मी म्हणालो की परतीच्या वेळी माणूस दमलेला असतो, दमलेल्याला सगळंच भीतीदायक वाटतं. त्यावर तिनं दुसरा तक्ता पुढे सरकवला. अर्ध्या लोकांना तिनं आधी स्टँडवर, येतानाच, विचारलं होतं आणि मग घरात. आकडे तसेच होते. मला राग आला, कारण मी तिला अगदी हेच करायला सांगितलं असतं.

“सर, लोकं खोटं नाही बोलत,” ती म्हणाली. “घरात अशुभ नाही बोलायचं, वास्तू तथास्तु म्हणते, बस. आमच्या घरीपण कोणी नाही बोलत.”

हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. घरात जे बोलावं त्याला वास्तू कधीतरी तथास्तु म्हणते आणि ते खरं होतं, म्हणून वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, हे ऐकतच मी लहानाचा मोठा झालो. साखर संपली तर आमच्याकडे ‘साखर वाढली’ म्हणतात. आणि तरीही, दोनशे बारा लोक नेमके कुठे बसून मला भीती नाही म्हणाले, हा विचार माझ्या डोक्यात बारा वर्षांत एकदाही आला नव्हता.

ते सगळे माझ्याच घरात बसले होते. वडील बँकेच्या नोकरीत जळगावहून इकडे आले, नानाखेड्याजवळच्या कॉलनीत त्यांनी घर बांधलं, आणि वरच्या दोन खोल्या महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंना द्यायचा प्रघात आईनं पाडला. बाकीच्या लोकांचे फॉर्म कॉलेजच्या मुलांनी देवास गेटच्या बस स्टँडवर आणि स्टेशनबाहेर उभ्या उभ्या भरून घेतले. मराठी लोकांचे मी आमच्या बैठकीत, चहा-पोहे देऊन, आरामात भरले. कुणी जरा घुटमळून चार म्हणायला लागलं की स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणायची, शुभ बोला हो, घरात आहात. मग ते हसून एक म्हणायचे. मी एकावर खूण करायचो. निबंधात मी ‘निवासस्थानी’ एवढा एकच शब्द लिहिला होता, आणि शेवटी आईचे खास आभार मानले होते.

प्रकरण तेवढ्यावर थांबलं असतं तर मी एखादं बारीक शुद्धिपत्रक काढून मोकळा झालो असतो. पण दोन हजार अठ्ठावीसच्या उज्जैनच्या सिंहस्थासाठी गर्दी आणि आपत्तीचं नियोजन करणाऱ्या एका सल्लागार समितीवर मी होतो. तिच्या मसुद्यात माझ्या निबंधाचा हवाला देऊन एक वाक्य आलं होतं: मराठी यात्रेकरू घाबरून जात नसल्यानं त्यांच्यासाठी मराठीतल्या सूचना आणि वेगळे मदतनीस यांची तातडीची गरज नाही. ते वाक्य वाचून महिनाभरापूर्वी मला अभिमान वाटला होता. मसुदा शुक्रवारी पक्का व्हायचा होता, आणि आज मंगळवार होता. निबंध मागे घ्यायचा तर श्रद्धाकवच जाणार, त्याच्याबरोबर एप्रिलमधली विभागप्रमुखपदाची मुलाखतही जाणार. नाही घ्यायचा तर हजारो माणसांना संकटाच्या वेळी आपल्या भाषेत कुणी काही सांगणार नाही.

हे सगळं मला त्या खुर्चीत बसल्या बसल्या समजलं होतं. तरी मी इशिताला या तक्त्यांचं प्रकरण प्रबंधातून काढून टाकायला सांगितलं. ती अजून या विषयात नवीन आहे, नव्वद म्हणजे काही फार नव्हेत, असंही वर ऐकवलं. तिनं तक्ते गोळा केले. महिनाअखेरीला प्रबंध द्यायचा आहे, प्रकरण राहील, माझी सही मिळणार नसेल तर ती दुसरा गाइड बघेल, असं तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि दार हळूच लावून घेतलं. दार आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

घरी आलो तेव्हा मी इतका चिडलेला होतो की एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, हे पहिल्या वर्षाला शिकवलेलंही विसरलो. मला फक्त जिंकायचं होतं. माझ्या मते श्रद्धाकवच या शहरात एकाच माणसाकडे शंभर टक्के होतं, आणि ती माझी आई होती. वय ब्याऐंशी, दर सोमवारी महाकालला जायचं, रांग कितीही असो. मी जुना फॉर्म काढला आणि संध्याकाळी बैठकीत तिला एकेक प्रश्न वाचून दाखवला. तिनं वीसच्या वीस ठिकाणी एक सांगितलं. महाकाल आहे ना, मग कशाला भ्यायचं, असं वर म्हणाली. मी तिथेच थांबणार होतो.

पण इशितानं दोनदा विचारलं होतं. एकदाच विचारून थांबणं म्हणजे लबाडी झाली असती, आणि ती माझी मला दिसली असती. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला कॉलनीच्या बगीच्यात घेऊन गेलो. घरापासून तो दोनशे पावलांवर आहे. वाटेत ती तीनदा थांबली आणि प्रत्येक वेळी कुणाच्या तरी कुंडीतल्या गुलाबाकडे बघत राहिली. तिला गुलाबांचं एवढं वेड असल्याचं मला ठाऊक नव्हतं. बाकावर बसल्यावर मी फॉर्म काढला तेव्हा, काल तर विचारलं होतंस, म्हणाली. मी म्हटलं, परत सांग.

पहिला प्रश्न चेंगराचेंगरीचा. तिनं एकदा मागे वळून घराच्या दिशेनं पाहिलं आणि पाच लिही म्हणाली. पाकीटमारीला तीन. हरवण्याला पाच. पायऱ्यांवर घसरून पडण्याला पाच. गेल्या श्रावणात बॅरिकेडमध्ये तिचा श्वास कोंडला होता आणि कुणीतरी अनोळखी बाईनं तिला उचलून बाजूला बसवलं होतं, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. मी आकडे लिहीत होतो. श्रद्धाकवच माझ्या डोळ्यांसमोर उसवत चाललं होतं, आणि खरं सांगतो, मला त्याचंच दुःख होत होतं. चौदावा प्रश्न होता, तब्येत अचानक बिघडली आणि मदत मिळाली नाही तर. त्यावर तिनं फॉर्मवर हात ठेवला.

“आल्हाद, चार महिन्यांपासून छातीत भारी-भारी लागतं,” ती म्हणाली. “चाललं की ज्यादा. थांबलं की जातं.”

चार महिने सांगितलं का नाहीस, असं मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

“सांगणार कुठं? तू भेटतोस तो घरातच.”

मी फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात तिचा ईसीजी आणि बाकीच्या तपासण्या व्हायला दीड तास गेला. त्या दीड तासात बाहेरच्या बाकावर बसून मी फोनवरच दोन पत्रं लिहिली, एक समितीला आणि एक जर्नलला. दोन्हीत मजकूर सारखाच होता: दोनशे बारा जबाब मी माझ्या घरात घेतले, त्या घरात भीतीचं नाव काढायची मुभा नव्हती, हे मला कळायला हवं होतं, निष्कर्ष मागे घेतो. समितीला एक ओळ जास्त लिहिली की मराठी सूचना आणि मदतनीस पाहिजेतच. दोन्ही पाठवून दिली. बारा वर्षांचं नाव होतं, वाईट वाटायचं तेवढं वाटलं. मग इशिताला फोन करून सांगितलं की प्रकरण राहू दे आणि सहीला उद्या ये. तिनं विचारलं, सर, सगळं ठीक ना. मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभा होतो, तरी सवयीनं ठीक आहे म्हणालो.

डॉक्टरांनी हृदयाकडे जाणाऱ्या नसांत अडथळा असावा असं सांगितलं. उद्या भरती करा, अँजिओग्राफी करू, वेळेवर आणलंत म्हणाले. वेळेवर आणल्याचं श्रेय मी घेतलं नाही. गोळ्या घेऊन आम्ही परत निघालो. रिक्षा घरासमोर आली तशी आई म्हणाली की घरी गेल्यावर यातलं काही बोलू नकोस. मी बरं म्हणालो. मग रिक्षावाल्याला फाटकाच्या अलीकडेच पाच मिनिटं थांबायला सांगितलं, खिशातून फॉर्म काढला आणि उरलेले सहा प्रश्न विचारायला घेतले. तिनंही कुरकुर न करता पाच, चार, पाच अशी उत्तरं दिली.

शेवटचा प्रश्न बरोबरच्या माणसापासून ताटातूट होण्याचा होता. मी वाचून दाखवला. आई रिक्षाच्या दांडीला धरून समोर बघत राहिली.

“हे तर बाहेरसुद्धा नाही बोलवत रे.”

मी तो रकाना कोरा ठेवला आणि तिला हात देऊन खाली उतरवलं.