कोरडे रूळ

"बाबा, किती तेल पाजणार त्या रुळांना? अपचन होईल."

पहिल्या मजल्याच्या वळणावर कठड्याला धरून मुलगी हसली. जाळीच्या आत, लिफ्टच्या टपावर उकिडवा बसलेला बाप तेलाची बुधली उगाच हलवत राहिला. इमारत जुनी, लिफ्टच्या जाळीला वेढे घालत जिना वर गेलेला. टपावरची कळ दाबून धरली की लिफ्ट मुंगीच्या पावलाने सरकते. दुरुस्तीसाठीची ही चाल आज त्याने लेकीच्या चालीशी जुळवली होती.

"रूळ कोरडे पडलेत," तो म्हणाला.

तिचा घोटा मोडून सांधला, त्यालाही आता वर्ष उलटलं होतं. हाड बरं झालं, दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं. इस्पितळात कित्येक आठवडे ठेवून दिवसदिवस व्यायाम करून घेतला. निघताना व्यायामाच्या बाईंनी आईबापांना समोर बसवलं. "दुखणं खोटं नाही तिचं. जखम भरली, पण नसा अजून बोंब मारतायत. खरी परीक्षा आता घरी. खाट धरली की सगळं मुसळ केरात. उचलायचं नाही आणि 'दुखतंय का' असं विचारायचंही नाही. विचारलं की जीव तिथंच घुटमळतो."

आज शाळेचा पहिला दिवस होता. परतताना चार मजले तिचे तिने चढायचे, असं ठरलेलं. जन्मभर त्याने परक्यांची म्हातारी माणसं, पोती, कपाटं सुखरूप वर पोचवली. पोटच्या पोरीला मात्र त्याची लिफ्ट चालणार नव्हती.

तिसऱ्या मजल्याखाली ती पायरीवर बसली. बसली ती उठेना.

खालून दार खडखडलं. "अहो लिफ्टवाले, वर झोप लागली का? गुडघे माझे आहेत, सरकारी नाहीत."

"थांबा आजी, काम चाललंय."

"सोडा लिफ्ट, बाबा. लोक खोळंबलेत."

"काम चाललंय म्हटलं ना."

तिने गुडघ्यात डोकं घातलं. कठड्यावरची बोटं पांढरी पडली होती. देव भक्ताच्या पाठीशी नुसता उभा असतो, हे कीर्तनात ऐकताना त्याची मान डोलायची. त्या उभं राहणाऱ्याचं काय होत असेल, हे कधी सुचलं नव्हतं.

"विचारू नका हं."

"नाही विचारत."

"विचारावंसं वाटतंय ना?"

त्याने बुधलीचं तोंड पुसलं. पुन्हा पुसलं. "शेवटचा तास कसला होता?"

"भूगोल."

"काय शिकवलं?"

"नद्या." आवाज फाटला. "कुठून निघतात, कुठं मिळतात…"

"सांग की."

ती सांगू लागली. मध्येच श्वास अडायचा, नदी अर्ध्यावर राहायची, मग ती पुन्हा उगमापासून सुरू करायची. तो हुंकार देत होता. त्याला एकही नदी ऐकू येत नव्हती.

वरच्या मजल्यावर दार उघडलं. आई कठड्यावरून वाकली. "आलीस का गं? दूध गार होतंय," एवढं म्हणाली आणि चटकन आत वळली.

बऱ्याच वेळाने मुलगी उठली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. जाळीपलीकडे लिफ्टही तशीच सरकत राहिली.

घरात शिरताच ती मोरीत गेली. नळ सोडला. तो वाहतच राहिला.

"विचारलंत?" आईने हळूच विचारलं.

"नाही."

"बरं केलंत." तिने दुधावर झाकण ठेवलं, काढलं, परत ठेवलं. दोघंही नळाचा आवाज ऐकत बसली.

मुलगी तोंड धुऊन बाहेर आली. डोळे लाल होते. आईने दुधाचा पेला पुढे सरकवला.

"बाबा, उद्या पण तेल घालायचंय?"

"घालावं लागेल. फार कोरडे पडलेत."

खाली लिफ्टच्या खड्ड्यात रुळांवरून तेल थेंब थेंब ठिबकत होतं.