महिला शौचालय सुरू असल्याबाबत

आमच्या वस्तीतला बायकांचा संडास दिवाळीनंतर बंद झाला. दाराला कुलूप आणि कुलपाशेजारी 'दुरुस्तीसाठी बंद' असा कागद. वाऱ्याने कागद उडून गेला, कुलूप राहिलं. कासारवाडीत रेल्वे रुळाला लागून आमची घरं आहेत. पुरुषांचा संडास चालू होता. बायकांनी स्टेशनपर्यंत चालत जायचं, नाहीतर जायचंच नाही.

माझ्या आईने, गिरजाबाईने, तिसराच मार्ग काढला. तिने पाणी पिणं सोडलं. ती रहाटणीच्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करते. त्या घरांत माणसांपेक्षा बाथरूम जास्त आहेत आणि त्यातलं एकही तिच्यासाठी नाही, त्यामुळे दिवसा तहान मारायची तिला सवय होतीच. आता घरी आल्यावरही ती पेला तोंडाला लावेना. व्हायचं तेच झालं. लघवीला जळजळ, ताप, कंबर धरलेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, पाणी प्या, नाहीतर किडनीवर जाईल." आई त्यांना हो म्हणाली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पिईन की. पर मग जाऊ कुठं, मिनल?"

मला उत्तर येईना, म्हणून मी सरकारला विचारलं. मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे एखादा पार्ट रिजेक्ट झाला की शिफ्ट संपायच्या आत कारण लिहून द्यावं लागतं. त्याच भाबडेपणात मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. संडास का बंद आहे, कधी उघडणार आणि चावी कोणाकडे आहे, एवढंच विचारलं.

कार्यालयाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर ही गोष्टसुद्धा दुसऱ्या विभागाकडे वर्ग करतील.

आरोग्य विभागाने अर्ज स्थापत्य विभागाकडे पाठवला, कारण दार हा त्यांचा विषय. स्थापत्यने तो विद्युतकडे ढकलला. विद्युतने कळवलं की त्या संडासात दिवाच नाही, सबब त्यांचा संबंध नाही. मग अर्ज उद्यान विभागात का गेला, ते मला अजून कळलेलं नाही. पण सगळ्यांत सभ्य उत्तर त्यांचंच होतं. सदर ठिकाणी एकही झाड नसल्याचं त्यांनी दिलगिरीसह कळवलं होतं. सगळीकडे फिरून, पाहुणचार घेऊन अर्ज पुन्हा आरोग्य विभागात आला आणि एकदाचं उत्तर मिळालं. 'का' आणि 'कधी' हे प्रश्नार्थक असल्याने माहितीच्या व्याख्येत बसत नाहीत. चावीची माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. तथापि सदर शौचालय सुरू असून नागरिक समाधानी आहेत. पुरावा म्हणून छायाचित्र सोबत जोडले आहे.

छायाचित्रात माझी आई होती.

संडासाच्या उद्घाटनाच्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने तिच्या हातात नवीकोरी बादली देऊन दारात उभं केलं होतं आणि "मावशी, जरा हसा" म्हणाला होता. बादली नंतर परत घेतली. आईने कागद उजेडात धरून बघितला. "शेजारच्या रश्मीच्या लग्नातली साडी हाय ही," ती म्हणाली. "मी येवढी हसले व्हते व्हय?" मी ते उत्तर तिला दोनदा वाचून दाखवलं. तिने शब्द न् शब्द ऐकून घेतला.

मी अपील केलं. सुनावणीला आई हट्टाने सोबत आली. "पुराव्याला मीच हाय, मग मला नको यायला?" त्या दिवशी तिने कितीतरी दिवसांनी डॉक्टरीणबाईंचं ऐकलं आणि निघताना पोटभर पाणी प्यायलं. म्हणाली, "येवढं मोठं हापीस, तिथं तर संडास असंलच."

होता ना. कुलूपही होतं आणि 'दुरुस्तीसाठी बंद' असा कागदही. इथला कागद तेवढा लॅमिनेट केलेला होता.

सकाळची वेळ दिलेली, आत बोलावलं ते जेवणाच्या सुट्टीनंतर. तोवर आई बाकावर पाय आवळून बसली होती. अपील ऐकणाऱ्या विजयश्री मॅडमनी फाइल उघडली, फोटो पाहिला. "फोटोत तर चालू दिसतंय."

"फोटोत मी हाय, म्याडम."

"म्हणजे तुम्हीच लाभार्थी. तुम्ही समाधानी आहात अशी नोंद आहे इथे."

"नोंद असू द्या. मला आत्ता जायचंय."

मॅडमनी बाहेर बोट दाखवलं. दारातला शिपाई सोनबा खाकरला. "बाहेरचा बंद आहे, मॅडम. तुमचाच तेवढा चालू आहे." मॅडमनी नाइलाजाने ड्रॉवरमधून चावी काढली. "अधिकाऱ्यांसाठी असतो तो. जाऊन या लवकर."

आई गेली. तेवढ्यात मॅडमनी समोरच्या क्लार्कला निकाल सांगायला घेतला, अपील निकाली काढण्यात येत आहे. आई परत आली तेव्हा तिचा चेहरा सैल झाला होता. साठीच्या बाईला लघवीला जायला मिळालं म्हणून तिच्या तोंडावर सुख दिसावं, याची मला चीड आली आणि रडूही आलं. ती शांतपणे खुर्चीत बसली. निकालाची प्रत हातात पडल्याशिवाय आम्ही उठणार नव्हतो, आणि क्लार्कचा प्रिंटर बिघडलेला होता.

वाट बघताना मॅडमचा चहा झाला, ताक झालं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "आजी, चावी?"

"अर्ज करा," आई म्हणाली. चावी तिच्या पदराच्या गाठीत होती.

"काय?"

"तीस दिसांत कळवते. पर का पायजे, कधी पायजे, असलं इचारायचं न्हाई बरं. ते म्हायतीत बसत न्हाई."

मॅडमनी सोनबाला हाक मारली. सोनबा पंख्याकडे बघत राहिला. मॅडम उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. दुपारपर्यंत आई बाकावर जशी बसली होती, तशाच आता त्या उभ्या होत्या.

"आमची द्या, तुमची घ्या," आई म्हणाली.

मॅडमनी फोन लावला. अभिलेखात नसलेली चावी आरोग्य निरीक्षकाच्या स्कूटरच्या डिकीत निघाली आणि तो धापा टाकत वर घेऊन आला. मॅडमनी आपली चावी घेतली ती अक्षरशः हिसकावून.

वस्तीत परतून आम्ही संडासाचं कुलूप उघडलं तेव्हा आत दुरुस्तीचं काही नव्हतं. पुढच्या उद्घाटनाचे फलक भिंतीला लावून ठेवले होते. बायकांनी ते बाहेर ओढून काढले आणि फरशी धुतली.

पुढच्या आठवड्यात निकाल पोस्टाने आला. सदर शौचालय कधीही बंद नव्हते, सबब अपील अमान्य. मी वाचून दाखवलं.  आईने उठून माठातून तांब्या भरला, उंबऱ्यात बसून तोंडाला लावला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही.