सात रिकामे चौकोन

क्लॅरेन्सकाका गेल्यापासून वडिलांनी शब्दकोडे सोडवणे थांबवले. एकवीस वर्षे रोज अकरा वाजता शेजारचे हे गृहस्थ मागच्या दाराने आमच्या स्वयंपाकघरात येत. चहाच्या दोन कपांमध्ये वर्तमानपत्र पसरले जाई, आणि पुढचा तासभर दोघे जे बोलत ते मला परक्या मुलखातले वाटे. आता इंग्लंडमधल्या ग्रिम्सबीच्या त्या करड्या नोव्हेंबरात वर्तमानपत्र घडी न मोडता पडून राही. वडील खिडकीपाशी बसत. त्यांच्याशी मी कधीच फारसे बोलू शकलो नव्हतो. बोलायला काही निमित्त लागते, आणि त्यांच्यापाशी शब्दकोड्याचे हे एकच होते. मी ते शिकायचे ठरवले.

वाचनालयातल्या मिसेस थ्वेट यांनी पुस्तकावर शिक्का मारताना चष्म्यावरून पाहिले. "कोडी पुस्तकातून शिकणार? मग पोहणंही टबातच शिकला असशील, बाळा."

"मला पोहता येत नाही," मी म्हणालो.

"तेच म्हणतेय मी."

तीन आठवडे मी खोलीत बसून शिकलो. कोड्यातले सूत्र वरवर जे सांगते त्यावर विश्वास ठेवायचा नाही, ही पहिली अट. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ दडलेला असतो. उरलेल्या भागात त्याची अक्षरे कशी जुळवायची याची खूण असते. 'झिंगलेला', 'मोडका' असे काही दिसले की शेजारची अक्षरे विस्कटून नव्याने मांडायची. पहिल्या आठवड्यात एकच शब्द सुटला. एखाद्या अबोल माणसाने ओठ न हलवता काही सांगावे, तसे त्या क्षणी वाटले.

मग पावाच्या डब्याखाली मला क्लॅरेन्सकाकांच्या शेवटच्या दिवसाचे कोडे सापडले. सगळे भरलेले, फक्त 'सतरा उभे'चे सात चौकोन रिकामे. दोन दिवस झगडल्यावर उत्तर आले. वडिलांच्याच पेन्सिलीने ते लिहून मी कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"बाबा, पूर्ण झालं हे."

त्यांनी कागद जवळ ओढला. "कुणी लिहिलं?"

"मी. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"तुम्हाला अडलं होतं, म्हणून म्हटलं..."

"अडलं नव्हतं. त्याने निघताना कोट घालायच्या आधीच आलं होतं मला." त्यांनी कागदावरून अंगठा फिरवला. "शेवटचा शब्द आळीपाळीने लिहायचो आम्ही. त्या दिवशी त्याची पाळी होती. गाढवाला काही केल्या सुचेना. म्हणाला, सांगू नकोस, उद्या येऊन लिहितो."

"खोडून टाकू का?"

"खोडलेलं दिसतं."

त्यांनी कागदाची घडी घातली, कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि पुन्हा खिडकीकडे तोंड केले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी चहाचे दोन कप मांडले आणि नवे वर्तमानपत्र उलगडले. "एक आडवं वाचून दाखवू, बाबा?"

"मनात वाच," ते न वळता म्हणाले. "सुटलं की लिहून टाक. माझ्यासाठी काही ठेवू नकोस."

त्यांचा चहा साय धरून निवला. त्या दिवशी मी नऊ शब्द एकट्याने सोडवले. तोवर इतके कधीच सुटले नव्हते.